सिक लाइनवरचा सुधाकर

खोली बघायला गेलो त्या दिवशी काकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, कुठे नोकरीला आहे तेही विचारलं नाही. बनियनवर दारात उभे होते. हातातल्या जाडजूड किल्लीने त्यांनी आधी माझ्या एका गुडघ्यावर टकटक केलं, मग दुसऱ्यावर, आणि मान तिरकी करून ऐकलं. मी अकोल्याचा. न विचारता कोणी अंगाला हात लावला की माझं डोकं फिरतं. पण सकाळपासून खोल्या बघून जीव मेटाकुटीला आला होता आणि जिन्याच्या वर एक छान मोकळी गच्ची दिसत होती, म्हणून गप्प उभा राहिलो.

"उजवा चांगला हाय," ते आत बघून म्हणाले. "डाव्यावर जरा लक्ष ठेवा लागन. पण चालते."

आतून काकूंचा आवाज आला, "त्यायले आधी पाणी तर पिऊ द्या."

अशा रीतीने मी छत्तीसगढात, तात्यापाऱ्यातल्या त्या घराच्या वरच्या खोलीत राहायला आलो. सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात नुकताच इंजिनियर म्हणून लागलो होतो. काका मला कायम 'इंजिनियर' म्हणूनच हाक मारत. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला बरीच वर्षं शंका होती.

ठोकून बघणं हा काकांचा स्वभाव नव्हता, तो त्यांचा धंदा होता. रेल्वेत त्यांनी उभी हयात मालगाडीचे डबे तपासण्यात घालवली. गाडी यार्डात येऊन थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन एका टोकाकडून निघायचं, प्रत्येक चाकावर ठोका द्यायचा आणि आवाज ऐकायचा. खणखणीत आला तर डबा धड. बद्द आला तर डब्यावर खडूने 'सिक', म्हणजे आजारी, असं लिहायचं. मग तो डबा गाडीतून काढून बाजूच्या रुळावर नेतात. त्या रुळाला रेल्वेत सिक लाइन म्हणतात. कितीही माल खोळंबला, कितीही साहेब ओरडले, तरी दुरुस्त होईपर्यंत डबा तिथेच उभा. आणि जो दुरुस्तीच्या पलीकडे गेला तो कंडम. निवृत्त होताना काकांना हातोडा परत द्यावा लागला. खडूची सवय मात्र ते घरी घेऊन आले.

मी सामान टाकलं तेव्हा खोलीतल्या पंख्याच्या पात्यावर 'सिक' लिहिलेलं होतं. पंखा झकास फिरत होता. "आवाज ऐक त्याचा," काका म्हणाले. मला काही ऐकू आलं नाही. मी पंखा लावून झोपत राहिलो आणि पंखा माझ्यावर पडला नाही ना ते बघायला काका रोज सकाळी वर येत राहिले. शेवटी वैतागून मीच मिस्त्री बोलावला. त्याने सगळा पंखा खोलला, पुसला, परत लावला आणि काही बिघाड नाही म्हणाला. काकांनी मिस्त्रीलाच आपादमस्तक न्याहाळलं. खडू होता म्हणून वाचला, किल्ली असती तर त्याच्याही गुडघ्यावर ठोकली असती.

काकूंच्या भाचीच्या लग्नात त्यांनी मांडवातल्या एका खुर्चीच्या पाठीवर ठसठशीत 'सिक' लिहून ठेवलं. नवऱ्या मुलाचे मामा काळा कोट घालून नेमके तिथेच टेकले. पुढे ते आहेर द्यायला स्टेजवर चढले तेव्हा त्यांच्या पाठीवर ते अक्षर उलटं उमटलेलं साऱ्या मांडवाने पाहिलं. काकू मला हे सांगताना अजूनही पदराने डोळे पुसतात. काकांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळत नसे. "खुर्ची मोडली असती तर?" एवढंच ते विचारत.

आता खेळाकडे येतो, कारण काका म्हटलं की तो खेळ आलाच.

त्यांचा मुलगा अमेरिकेत आहे. फार वर्षांपूर्वी त्याने तिथून एक खोका पाठवला होता. घरात बसून पत्ते आणि फासे घेऊन बेसबॉल खेळायचा खेळ. एकाने चेंडू फेकायचा, दुसऱ्याने दांडक्याने टोलवायचा आणि चार कोपऱ्यांना शिवून पळत फेरी पुरी करायची, इतपत मला ऐकून माहीत होतं. काकांना तेवढंही नव्हतं. त्या घरात बेसबॉलचा सामना कधी कोणी पाहिलेला नव्हता आणि पाहायची इच्छाही नव्हती. चष्मा लावून, शब्दकोश मांडीवर घेऊन काकांनी नियमांची पुस्तिका लावली होती. समजलं नाही तिथे रेल्वे घातली होती. मैदानाचे कोपरे म्हणजे टेसनं. खेळाडू पहिल्या टेसनावर, दुसऱ्या टेसनावर, मग यार्डात परत. चेंडू फेकणारा तो फेक्या. पत्त्यांवरच्या गोऱ्या माणसांची नावं कोणाच्या जिभेवर बसेनात, तेव्हा त्यांनी चिठ्ठ्या चिकटवून सगळ्यांचं बारसं केलं होतं. मनोहर, पुंडलिक, लहान्या, भास्कर.

प्रत्येक पत्त्यावर त्या खेळाडूचे आकडे असतात. फासे टाकायचे, आकडा बघायचा, काय झालं ते कळतं. पण खालच्या कोपऱ्यात एक बारीक आकडा असतो. हा माणूस किती लवकर मोडतो, त्याचा तो आकडा. जगात इतर ठिकाणी हा खेळ खेळणारे लोक खेळाडूचे फटके बघून संघ निवडत असतील. काकांची नजर आधी त्या कोपऱ्यावर जायची. मग ते पत्त्यावर नखाने टकटक करत आणि कानाशी नेत. पुठ्ठ्याचा आवाज तो कसला येणार, पण ते ऐकत आणि मान हलवत.

दुखापत झालेला पत्ता बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात जायचा. डब्यावर अर्थातच 'सिक लाइन' लिहिलेलं होतं. काही सामने तिथे काढल्यावर पत्ता बाहेर यायचा. पण थकलेल्या फेक्याला विश्रांती न देता खेळवत राहिलं, तर दर डावाला वेगळे दोन फासे टाकायचे, असा काकांचा स्वतःचा नियम होता. दोन्हीवर एक्के पडले की तो खेळाडू कंडम. डब्यात तळाशी एक कागद घातलेला होता, कंडम पत्ता त्या कागदाखाली जायचा आणि पुन्हा कधीही बाहेर यायचा नाही. हा नियम पुस्तिकेत नव्हता. पुस्तिका लिहिणाऱ्यांनी यार्डात काम केलेलं नव्हतं, असं काकांचं म्हणणं होतं.

आणि असा थकलेला खेळाडू उतरवण्याआधी दुसऱ्या कोणीतरी मोठ्याने विचारायचं, "जोखीम कोणाची?" खेळवणाऱ्याने तितक्याच मोठ्याने म्हणायचं, "माझी." हे म्हटल्याशिवाय फासा टाकता येत नसे. मला पहिल्यांदा हा प्रकार पोरकट वाटला होता. पण तुम्ही म्हणून बघा. पुठ्ठ्याचा तुकडा असला तरी आपण एकदा त्याच्याकडे वळून बघतो.

रविवारी जेवणं झाली की आम्ही तिघे सतरंजीवर बसायचो. काका, मी आणि साहू भैया. साहू भैयांचं गोलबाजारात कापडाचं दुकान. काकांचे शाळेपासूनचे दोस्त. काका त्यांच्याशी आमच्या मराठीत बोलत, ते छत्तीसगढीत उत्तर देत आणि दोघांचंही कधी काही अडलं नाही. साहू भैया तब्येतीने खेळणारे. जिंकायला लागले की थांबत नसत. एकदा त्यांचा पुंडलिक असा काही फेकत होता की माझा एकही गडी पहिल्या टेसनाच्या पुढे सरकेना. पुंडलिक थकला होता. काकांनी विचारलं, "जोखीम कोणाची?"

"हव, मोर जोखिम," साहू भैया मांडी थोपटून म्हणाले. "फेंक."

दोन एक्के पडले. काकांनी पुंडलिकला उचललं आणि कागदाखाली सारलं. साहू भैया दुकानात काम आहे म्हणून उठले. रविवारी गोलबाजार अर्धा बंद असतो. पुढच्या खेपेला येताना ते काकूंसाठी ब्लाउजपीस घेऊन आले आणि बोलता बोलता पुंडलिकचा विषय काढला. काकूंनी कापड घेतलं. काकांनी पुंडलिक दिला नाही. "फासा पडला," ते म्हणाले आणि विषय संपला.

फाशाच्या बाबतीत काका इतके कडक की त्याचा उबग यावा. एकदा त्यांचा स्वतःचा फासा घरंगळत जाऊन भिंतीला तिरका टेकून राहिला. वरची बाजू उघड दिसत होती आणि त्या आकड्यावर ते सामना जिंकत होते. साहू भैया आणि मी दोघेही 'धरा, धरा' म्हणालो. काकांनी फासा उचलला, पुन्हा टाकला आणि हरले. "तिरपा फासा खोटा," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने पाटीवर आपली हार लिहिली. तेव्हापासून फासे खोक्याच्या झाकणात टाकायची पद्धत पडली.

एक मोठी चूक मात्र आम्ही सगळे मिळून वर्षानुवर्षं करत होतो. काही पत्त्यांवर असं पडायचं की फेकलेला चेंडू दांडूवाल्याच्या अंगावर लागला. काका तो खेळाडू ताबडतोब सिक लाइनला पाठवत. बरोबरच वाटायचं ते. चेंडू अंगावर बसला, माणूस पडला, त्याला आत न्यायचं. क्रिकेट बघत वाढलेल्या कोणाला यात वेगळं काय वाटणार? आमचे निम्मे संघ सदैव डब्यात असत. मग एका रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल आला आणि खेळ चालू असतानाच त्याने बघितलं.

"बाबा, वो बाहर नहीं जाता," तो म्हणाला. तो मराठी सगळं समजतो, बोलतो हिंदीत. "बॉल लगा तो उसको फ्री में फर्स्ट बेस मिलता है. चल के जाता है."

काकांनी चष्मा वर केला. "लागलं त्यालेच, अन् चालतही त्यालेच लावता?"

"हाँ, रूल है बाबा."

"काहून?"

मुलगा नुसता हसत राहिला. "कोणत्या देशात राहून राहिला रे तू," काका म्हणाले आणि खेळाडू डब्यात टाकला. नियम आमच्याकडे बदलला नाही. मुलाला मात्र त्यानंतर दर कॉलला 'पडलास-बिडलास तर बसून राहाजो, लगेच चालू नको' असा सल्ला मिळायला लागला.

काकांचा जीव की प्राण होता सुधाकर. त्या खोक्यातला सगळ्यात भारी फेक्या. फोटोत झुपकेदार मिशा. काकूंच्या मावसभावाच्या तशाच आहेत, त्याचंच नाव त्याला पडलं होतं. सुधाकरपुढे कोणाचा दांडू चालत नसे. पण खालच्या कोपऱ्यातला आकडाही सगळ्यात वाईट त्याचाच. म्हणून काका त्याला भरपूर विश्रांती देऊन उतरवत आणि जिंकत असले तरी मध्येच बाहेर काढत. कधी कधी तर अख्खा सामना तो नुसता बाजूला ठेवलेला असे, आणि काका हरत असताना त्याच्याकडे प्रेमाने बघत. "अरे, ओकर अचार डारबे का?" साहू भैया करवादत. त्याचं लोणचं घालणार आहेस का. काका म्हणत, "दिसून राहिला ना तुले? हाय ना तो? बस."

मी काही वर्षं तिथे काढल्यावर एका सकाळी भनपुरीच्या वळणावर ट्रक चुकवताना माझी मोटारसायकल खड्ड्यात आदळली. पडलोसुद्धा नाही. दिवसभर कारखान्यात हिंडलो. संध्याकाळी घरी जिन्याशी उतरलो आणि कंबरेतून डाव्या पायात अशी कळ गेली की तिथेच पायरीवर बसलो. मणक्यातली चकती सरकली होती. डाव्या पायाचा अंगठा वर उचलता येईना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आडवं पडून राहा, दीड महिना. उठलात आणि नस आणखी दबली तर ऑपरेशन करूनही पाय पहिल्यासारखा होईल असं नाही. जन्मभर फरफटत चालाल.

नेमकं त्याच महिन्यात कारखान्याचं शटडाउन होतं. वर्षातून एकदा सगळं बंद करून दुरुस्ती करतात. ते जो पार पाडेल त्याला विभागाचा प्रमुख करू, असं साहेबांनी मला स्वतः सांगितलं होतं. त्या जागेसाठी मी जिवाचं रान केलं होतं. साहेबांचा रोज फोन यायला लागला. "बेल्ट लगा के आ जाओ यार. कुर्सी पे बैठे रहना, बस नज़र रखना." मलाही ते पटायला लागलं होतं. कारखान्यात शटडाउनला कोणी खुर्चीवर बसत नाही, शिड्या चढाव्या लागतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण पडून पडून माणसाला आपल्याला हवं तेच खरं वाटायला लागतं.

काकू दोन्ही वेळचं जेवण वर आणून देत. आणि काका दुपारी खेळ घेऊन वर येत. मी एका जागी पडणार नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं असावं. आमच्या दोघांची मालिका सुरू झाली, रोज एक सामना. मला उठून बसायची मनाई, म्हणून काका जमिनीवर बसून झाकणात फासे टाकत, मग झाकण अलगद उचलून माझ्या डोळ्यांपाशी आणत. माझे फासे असोत की त्यांचे. "पाह्य. मग म्हणशील," दर वेळी हेच. मला त्याचा कंटाळा यायचा, मी म्हणायचो राहू द्या, माझा विश्वास आहे. ते झाकण आणतच.

तीन आठवडे झाले नसतील तेव्हाची दुपार. शटडाउनची कामं सुरू होणार होती. मी कंबरेचा पट्टा मागवून घेतला होता, तो उशाशी होता. काका येऊन बसल्याबरोबर मी सांगून टाकलं, "काका, मी उद्या जातोय."

मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं, माझ्या पायाकडे पाहिलं, आणि पत्ते लावायला घेतले. मग पत्त्यांतून सुधाकर काढून त्यांनी पुढे ठेवला.

"अहो, तो कालच खेळलाय," मी म्हणालो.

"चालते. पट्टा बांधला त्याले."

"काका."

"खुर्चीवर बसून फेकन तो. नजरच तर ठेवा लागते." त्यांचा चेहरा अगदी साधा होता. "विचार मले."

मी विचारलं, "जोखीम कोणाची?"

"माही."

सुधाकर त्या दिवशी जे खेळला ते मी विसरणार नाही. माझे गडी येत होते आणि जात होते. पहिल्या डावाला दुखापतीचे फासे पडले, काकांनी झाकण आणून दाखवलं, काही नाही. दुसऱ्या डावाला दाखवलं, काही नाही. मी म्हणालो, काका, आता काढा त्याला, जिंकताय तुम्ही. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा फासे टाकले. झाकणात खुळखुळ झालेली मी ऐकली. काकू चहा घेऊन नुकत्याच आत आल्या होत्या. काका वाकले, बघितलं आणि फासे मुठीत घेतले. झाकण दाखवायचं या वेळी त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

"दोन एक्के," ते म्हणाले.

काकू चहा हातात धरून तशाच उभ्या. काकांनी सुधाकरला उचललं, नखाने टकटक केलं, कानाशी नेलं. मग डबा उघडून, तळाचा कागद वर करून, त्याला खाली ठेवलं. ठेवताना मिशांवरून अंगठा फिरवला.

"तुह्या कारखान्यात उद्या तुह्या जागेवर दुसरा उभा राहीन," ते डबा बंद करताना म्हणाले. "अन् चांगला राहीन. मी बी सुधाकरच्या जागी भास्करले आणतो. जागेचं काही नाही, जागा भरते. पण सुधाकर कुठून आणू मी, सांग."

मला रडू कोसळलं. पुठ्ठ्यावरच्या त्या मिशाळ माणसासाठी की माझ्या पायासाठी, ते मला सांगता येणार नाही. काकांनी खेळ आवरला आणि खाली गेले. मी साहेबांना फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. पट्टा काकूंनी उचलून कपाटावर टाकला.

प्रमुखाची जागा दुसऱ्याला मिळाली. मला त्याचं दुःख झालं नाही असं नाही, चांगलं वर्षभर झालं. पण दीड महिना संपत आला असताना एका सकाळी डाव्या पायाचा अंगठा हलला. मी जोरात हाका मारल्या. काका जिना चढून धापा टाकत आले, किल्ली घेऊन. अंगठ्यावर ठोकलं, ऐकलं. "चालते," म्हणाले आणि खाली जाऊन त्यांनी साहू भैयांना जिलेबी आणायला फोन लावला. डॉक्टर नंतर म्हणाले की त्या आठवड्यात तुम्ही शिड्या चढला असतात तर हा पाय गेला होता.

त्यानंतर काका हरत गेले. भास्करमध्ये काही दम नव्हता. रविवारमागून रविवार साहू भैया त्यांना धुऊन काढत आणि वर खिजवत, "निकाल ना अपन सुधाकर ला." काका म्हणत, "कंडम म्हणजे कंडम." पुंडलिक दिला नव्हता, तिथे सुधाकर कसा निघणार? साहू भैयांनाही ते आतून पटलेलं असे.

आता मी घर घेतलंय, लग्न झालंय, मुलगी तीन वर्षांची आहे. रविवार चुकत नाही. गेल्या महिन्यात मुलीला खांद्यावर बसवून गेलो. ती गच्चीवर जायचं म्हणाली म्हणून तसाच तिला घेऊन जिना चढलो, फिरवून खाली आणलं आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. बाहेर साहू भैयांचं सुधाकरपुराण चालू होतं. काकू वाटाणे सोलत माझ्याकडे बघत होत्या.

"पोरीले खांद्यावर घेऊन जिना चढला ना तू आता?"

"हो. का?"

"मग सांगाले हरकत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "एक्के नव्हते पडले, भाऊ. चार अन् दोन होते. झाकण माह्या पायाशीच होतं, मी पाह्यलं."

मला क्षणभर काही समजलं नाही. मग समजलं.

"तुम्ही तेव्हा बोलला नाहीत?"

"ह्यायनं माह्याकडं असं पाह्यलं ना. लग्न झाल्यापासून ह्यायनं मले कधी कायच्यासाठी विनवलं नाही. त्या दिवशी डोळ्यानं विनवलं."

"मग आता तरी त्या सुधाकरला बाहेर काढायचं. इतकी वर्षं हरताहेत."

"मी बी म्हटलं. तर म्हणतात, काढला तर इंजिनियरले समजन. अन् त्याचा काय भरवसा, पुन्हा उठून पळन कारखान्यात." काकू हसल्या आणि पुन्हा शेंगांकडे वळल्या. "तू बोलू नको हं त्यायले. खोटं पकडलं गेलं तर जेवणार नाहीत."

तिरपा फासा ज्यांनी स्वतःच्या जिंकण्यासाठी धरला नाही, त्यांनी चार आणि दोनाचे एक्के केले होते. आणि मग स्वतःच्याच नियमाला बांधून घेऊन आपला सगळ्यात लाडका खेळाडू माझ्या पायाच्या बदल्यात तळाच्या कागदाखाली ठेवला होता. दर रविवारी त्यासाठी हरत होते. मी या माणसाचा किती ऋणी आहे ते मला तोवर माहीत होतं असं वाटायचं. मला अर्धंच माहीत होतं. आणि आभार मानायचीही सोय नव्हती.

तोंडावर पाणी मारून बाहेर आलो आणि सतरंजीवर मांडी घालून बसलो. माझा फेक्या थकलेला होता, आणखी एक डाव निघाला तर मी जिंकत होतो. मी त्याला पुढे सरकवलं.

"जोखीम कोणाची?" काकांनी विचारलं.

मी त्या बिस्किटाच्या डब्याकडे बघत होतो. साहू भैयांनी चष्म्यावरून बघितलं. "का होगे?"

"झोपला का इंजिनियर? जोखीम कोणाची?"

"माझी," मी म्हणालो.

काकांनी फासे टाकले, वाकून बघितले आणि सवयीने झाकण उचलून माझ्यापुढे धरलं. "पाह्य. मग म्हणशील." मी पाहिलं. दोन्हीवर एकेक ठिपका होता. काकांनी माझा खेळाडू उचलला, डबा उघडला, तळाचा कागद वर केला आणि त्याला सुधाकरच्या शेजारी ठेवून दिलं.